लेकरू वाचवायचे तर आधी माय उभी करा : फुले-आंबेडकरी चळवळीचा आधाराचा वारसा

वस्तीत एखादा तरुण बाप मरतो. कधी दारूने, कधी अपघाताने, कधी गटार साफ करायला उतरून. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपतो आणि नातेवाईक त्या विधवेभोवती बसून सल्ला देतात : "एकटी कशी पोसशील? पोरगं कुठल्यातरी आश्रमात टाक." सल्ला देणारे वाईट नसतात, त्यांना खरोखर कळवळा असतो. पण मदत म्हटले की लेकरू आईपासून उचलून दुसरीकडे ठेवणे, हीच कल्पना त्यांच्या डोक्यात कशी बसली, हा प्रश्न कोणी विचारत नाही. आम्ही तो विचारू इच्छितो, कारण त्याचे उत्तर इतिहासात आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. या देशात वंचित लेकरांना मदत करण्याच्या दोन परंपरा आहेत. एक परंपरा म्हणते, मूल चांगले आहे पण त्याचे आईबाप, त्याची जात, त्याची वस्ती वाईट आहे. म्हणून मूल काढून घ्या. दुसरी परंपरा म्हणते, मूल संकटात आहे कारण त्याच्या आईला उभे राहायला जागा नाही. म्हणून आधी आईला जागा द्या. पहिली परंपरा जातव्यवस्थेच्या आणि वसाहतीच्या सरकारच्या संशयातून आली. दुसरी जोतीराव-सावित्रीमाईंपासून बाबासाहेबांपर्यंत आणि तिथून भारतीय संविधानापर्यंत आली. आज कायद्यात या दोन्ही परंपरा शेजारी शेजारी बसल्या आहेत. त्यातली कोणती जिंकेल, हे वस्तीतल्या कार्यकर्त्याच्या हातात आहे.

मूल काढून घेणारे सरकार

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवण्याचा हा कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १८९७ च्या दुरुस्तीने ४ ते १८ वर्षांच्या मुलांना आईबापांपासून वेगळे करून सुधार वसाहतीत ठेवण्याची सोय केली. १९११ च्या नव्या कायद्याने हे लोण देशभर पसरले. त्यातही सरकारला अधिकार होता की या जमातींची मुले पालकांपासून काढून औद्योगिक, शेतकी किंवा सुधार शाळेत ठेवावीत. आपल्याकडे पारधी, कैकाडी, मांग-गारुडी, कंजारभाट अशा कितीतरी जमाती या कायद्याच्या जाळ्यात आल्या. सोलापूरच्या सेटलमेंटचे तारेचे कुंपण आजही त्या समाजांच्या आठवणीत आहे.

लक्षात घ्या, हे सगळे 'सुधारणा' या गोंडस नावाखाली चालले होते. मुलांना शाळा मिळेल, हस्तकला मिळेल, चोरीची 'सवय' जाईल, असे सांगितले जात होते. बापाला काम का मिळत नाही, जमीन का नाही, गाव त्याला वेशीबाहेर का ठेवते, हे प्रश्न मात्र सरकारने विचारले नाहीत. मनुस्मृतीने जे जन्मावरून ठरवले होते, तेच इंग्रजांच्या पोलिसांनी रजिस्टरवर लिहिले. म्हणून आम्ही म्हणतो, हा कायदा इंग्रजांचा होता, पण त्याचे बीज इथल्याच मातीतले होते.

शहरातल्या गरीब मुलांसाठी १९२४ साली मुंबई बालक कायदा आला. लहान मुलांना मोठ्या गुन्हेगारांबरोबर तुरुंगात टाकू नये, त्यांच्यासाठी वेगळे न्यायालय असावे, ही त्यातली गोष्ट चांगलीच होती. १९२७ साली मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी उभी राहिली. पण बेघर असणे, भीक मागणे, उघड उपजीविका नसणे, अशा कारणांवरूनही मूल या यंत्रणेच्या ताब्यात जाऊ लागले. ही सारी गरिबीची लक्षणे आहेत. गरिबीची जबाबदारी बाजूला राहिली आणि गरीब मूल तेवढे उचलले गेले.

गुन्हेगार जमाती कायदा स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण कायदा गेला म्हणून नजर गेली नाही. आजही सिग्नलवर फुगे विकणारे पारध्याचे पोर पाहिले की अनेकांच्या मनात पहिला विचार येतो तो 'याला उचलून कुठेतरी ठेवा' असाच.

१८६३ : एका घराचा उघडलेला दरवाजा

आता दुसरी परंपरा पाहू. पुण्यात काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा स्वयंपाकाचे काम करून पोट भरत होती. तिच्यावर अत्याचार करणारा मोकळा राहिला. लोकलाजेच्या भीतीने तिने जन्मलेले मूल मारून टाकले आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ही हकिकत जोतीरावांनीच १८८४ साली सरकारला पाठवलेल्या आपल्या अभिप्रायात लिहून ठेवली आहे. मलबारी यांच्या बालविवाह व सक्तीच्या वैधव्यावरील टिपणांवर सरकारने मते मागवली होती, तेव्हाचा हा अभिप्राय आहे.

या प्रकारावर त्या काळच्या पुण्याने काय केले? कुजबुज केली आणि गप्प बसले. जोतीराव-सावित्रीमाईंनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. विधवांनो, इथे येऊन गुपचूप आणि सुरक्षित बाळंत व्हा, मूल न्यायचे की ठेवायचे हे तुमच्या खुशीवर, अशा आशयाच्या जाहिराती शहरात लागल्या. 'तुमच्या खुशीवर' हे दोन शब्द तरुणांनी नीट वाचावेत. निर्णय आईचा होता. तिची जात विचारली नाही, तिला पश्चात्ताप करायला लावले नाही, तिच्याकडून कबुलीजबाब घेतला नाही. ज्यांच्या धर्मशास्त्राने जोतीरावांना शूद्र ठरवले, त्यांच्याच लेकींसाठी या शूद्र दांपत्याने दार उघडले.

जोतीरावांनी आकडेही लपवले नाहीत. त्या अभिप्रायात ते सांगतात की तोवर ३५ गरोदर विधवा या गृहात येऊन बाळंत झाल्या. त्यांची ५ मुले जगली, ३० गेली. का गेली? गर्भ लपवण्यासाठी आयांनी आधीच घेतलेल्या विषारी औषधांमुळे. हा आकडा आम्हाला फार मोलाचा वाटतो. आपली संस्था किती यशस्वी, हे दाखवायला जोतीरावांनी तो दिला नाही. समाजाने आईला इतके घाबरवले आहे की आमच्या दारापर्यंत येईतो मूल मेलेले असते, हे सांगण्यासाठी दिला. मदत उशिरा पोहोचण्याचे कारण त्यांनी आईच्या चारित्र्यात शोधले नाही. सक्तीच्या वैधव्यात, म्हणजे व्यवस्थेत शोधले.

याच गृहात जन्मलेल्या एका मुलाला या दांपत्याने १८७४ साली दत्तक घेतले. तो यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीमाईंनी पुण्याजवळ त्याच्या हातून रुग्णांसाठी दवाखाना चालवला आणि रुग्णसेवा करतानाच प्लेगने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या मुलाला समाज जन्मूच देणार नव्हता, तोच समाजाच्या रोग्यांवर उपचार करत होता. यापेक्षा मोठे उत्तर मनुवाद्यांना काय द्यायचे?

१८७६-७७ च्या दुष्काळातही हीच पद्धत दिसते. सत्यशोधक समाजाने भुकेल्या मुलांसाठी अन्नाची सोय केली. धनकवडीचा व्हिक्टोरिया बालाश्रम त्यातूनच उभा राहिला. सावित्रीमाई जुन्नर-ओतूर भागात फिरत होत्या. तिथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात दुष्काळाचे आणि सावकारांविरुद्धच्या लोकक्षोभाचे चित्र आहे. म्हणजे एका हाताने भाकरी वाढायची आणि दुसऱ्या हाताने भूक कोणी निर्माण केली ते दाखवायचे, असे हे काम होते. भाकरी आणि प्रश्न यांची ताटातूट त्यांनी कधी केली नाही.

वसतिगृह म्हणजे आश्रम नव्हे

इथे कोणी आम्हाला अडवेल : मग चळवळीने वसतिगृहे का काढली? तिथेही मूल घरापासून दूरच राहते ना?

प्रश्न रास्त आहे. फरक असा की वसतिगृहात मूल आपले नाव, आपले आईबाप, आपले गाव घेऊन येते आणि सुट्टीला परत घरी जाते. तिथे तो अनाथ म्हणून नव्हे, विद्यार्थी म्हणून राहतो. आईबापांची लाज वाटावी म्हणून नव्हे, त्यांना अभिमान वाटावा म्हणून तो तिथे असतो. गावच्या शाळेत त्याला दाराबाहेर बसवत होते आणि शहरात त्याला कोणी खोली देत नव्हते, म्हणून वसतिगृह लागले.

राजर्षी शाहू महाराजांनी हे ओळखले. १९०१ पासून कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहत गेली आणि १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले. त्या कामाचे मोल आम्ही नाकारत नाही. पण त्याचे नेतृत्व स्पृश्य सुधारकांकडे होते. आपल्या लेकरांची सोय आपण करायची, हे आपल्या लोकांनी स्वतः सुरू केले तेव्हा गोष्ट बदलली.

पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी 'सोमवंशीय मित्र' मधून १९०८ पासून मुरळी सोडण्याच्या चालीवर हल्ला केला. पोटच्या पोरी खंडोबाला वाहू नका, हे त्यांनी आईबापांना सांगितले. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. जी मुरळी झाली आहे, तिलाही घर आणि मानाचे लग्न मिळाले पाहिजे, हा आग्रह त्यांनी आपल्याच समाजातल्या तरुणांकडे धरला. मुलीला 'सोडवायचे' आणि मग वाऱ्यावर सोडायचे, असे त्यांनी केले नाही. नागपुरात जाईबाई चौधरी या कधीकाळी डोक्यावर ओझी वाहणाऱ्या बाईने १९२२ साली मुलींसाठी चोखामेळा कन्या पाठशाळा काढली. यांच्यामागे धर्मादाय ट्रस्ट नव्हते, परदेशी देणग्या नव्हत्या.

मग १९२४ साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. 'शिका, चेतवा, संघटित व्हा' हे घोषवाक्य आपण तोंडपाठ म्हणतो. पण या सभेने सर्वात आधी हाती घेतलेल्या कामांतले एक कोणते, हे किती जणांना ठाऊक आहे? ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात सुरू केलेले विद्यार्थी वसतिगृह. मुलांचे जेवण, कपडे, वह्या-पुस्तके यांचा भार सभेने उचलला आणि सोलापूर नगरपालिकेकडून महिना ४० रुपयांचे अनुदान मिळवले. ४० रुपये! आज हा आकडा हास्यास्पद वाटेल. पण त्या अनुदानात एक तत्त्व होते : आमच्या मुलांचा खर्च ही नगरपालिकेचीही जबाबदारी आहे, कारण तो पैसा आमच्याही करातून येतो. पुढे १९२८ साली डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी काढून मुंबई इलाख्यात आणखी वसतिगृहे उभारली. सरकारी अनुदान अपुरे पडे, तरी ती चालवली. नाशिकच्या वसतिगृहाची देखरेख दादासाहेब गायकवाडांनी केली.

आता तारखांचा क्रम बघा. सोलापूरचे वसतिगृह जानेवारी १९२५. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह मार्च १९२७. आधी मुलांच्या ताटाची आणि दिव्याची सोय, मग तळ्याकडे मोर्चा. "सामाजिक काम केले की लढा बोथट होतो" असे म्हणणाऱ्या मित्रांनी हा क्रम भिंतीवर लिहून ठेवावा.

बाबासाहेबांनी प्रश्न सरकारच्या दारात नेला

वसतिगृहाने विद्यार्थ्याचा प्रश्न सुटत होता. पण जे मूल अजून पोटात आहे, किंवा पाळण्यात आहे, त्याचे काय? त्याची आई गिरणीत उभी आहे, बाळंत झाल्यावर चार दिवसांत परत कामावर जावे लागते, त्याचे काय?

जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर चर्चा झाली. रा. स. आसवले यांनी आणलेल्या या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. त्यांचे म्हणणे असे होते की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे. हा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा, कारण लोकांचे कल्याण राखणे हे सरकारचे काम आहे. आणि बायकांच्या श्रमावर नफा कमावणाऱ्या मालकालाही त्यातून अंग काढून घेता येणार नाही. १९२९ साली कायदा झाला. देशातला तो या प्रकारचा पहिला कायदा होता.

या मांडणीने काय बदलले? तोवर बाळंतिणीला मिळणारी मदत म्हणजे शेजारणीची भाकर किंवा शेठाणीची जुनी साडी. ती मिळाली तर उपकार, नाही मिळाली तर नशीब. बाबासाहेबांनी तिचे पगारी हक्कात रूपांतर करायला लावले. हक्क मागताना मान खाली घालावी लागत नाही, हा त्यातला खरा फरक आहे.

१९३८ साली स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला, त्यामागेही बाबासाहेबच होते. वारंवारच्या बाळंतपणाने झिजलेल्या गरीब बाईचा प्रश्न त्यांनी सभागृहात नेला. ठराव फेटाळला गेला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी खाणकामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात दुरुस्ती केली. आणि शेवटी संविधान आले. कलम १५ (३) ने राज्याला स्त्रिया व बालकांसाठी खास तरतूद करण्याची मुभा दिली. कलम २३ ने वेठबिगार आणि माणसांचा व्यापार बंद केला. कलम २४ ने १४ वर्षांखालील मुलांना कारखान्यात, खाणीत, धोक्याच्या कामावर ठेवायला मनाई केली. कलम ३९ ने बालपणाचे शोषणापासून रक्षण करण्याची आणि कलम ४६ ने दुर्बल घटकांचे शैक्षणिक-आर्थिक हित जपण्याची जबाबदारी राज्यावर टाकली.

१८६३ साली जे एका घराचे दार होते, ते १९५० साली राज्याचे कर्तव्य झाले.

आजच्या कायद्यातल्या दोन परंपरा

आता वर्तमानात येऊ. २०१५ चा बाल न्याय कायदा पाहा. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले मूल कोण, याच्या व्याख्येत बेघर, उपजीविकेचे साधन नसलेले, रस्त्यावर राहणारे, भीक मागणारे मूल येते. म्हणजे जुनी नजर इथे शिल्लक आहे. पण त्याच कायद्याची तत्त्वे सांगणाऱ्या कलम ३ मध्ये म्हटले आहे की मुलाच्या सांभाळाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आहे आणि संस्थेत ठेवणे हा अगदी शेवटचा उपाय असावा. म्हणजे फुले-आंबेडकरी परंपराही इथे आहे. मूल बाल कल्याण समितीसमोर २४ तासांच्या आत हजर करायचे असते आणि कोणत्या परंपरेने निर्णय होणार हे त्या खोलीत ठरते. तिथे आईच्या बाजूने कागद घेऊन कोणी उभे असेल तर एक निर्णय होतो, नसेल तर दुसरा.

हे कागद कोणते? महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. आई किंवा बाप वारले आहेत, सोडून गेले आहेत, गंभीर आजारी आहेत, तुरुंगात आहेत, अशा १८ वर्षांखालील मुलांना कुटुंबातच सांभाळ व्हावा म्हणून महिना २२५० रुपये दिले जातात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाखाली महिना ४००० रुपयांची तरतूद आहे. मूल आश्रमात न टाकता आईजवळ ठेवायचे, याचा हा सरकारी मार्ग आहे. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जातो. मृत्यू दाखला, आधार, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाइड, बँक पासबुक लागते.

वाचायला सोपे आहे. प्रत्यक्षात बाई कुठे अडते, ते आम्ही कामात रोज पाहतो. मृत्यू दाखल्यावर नवऱ्याचे नाव एक, आधारवर दुसरे. रेशनकार्ड सासरच्यांच्या नावावर आणि सासरचे सही देत नाहीत. नवरा मेला नाही, टाकून गेला आहे, तर त्याचा दाखला कोण देणार? धुणीभांडी करणारी बाई तीन वेळा कार्यालयात गेली की तीन दिवसांची मजुरी गेली, चौथ्यांदा ती जात नाही. मग कागदावर दिसते, 'लाभार्थी आली नाही'. जोतीरावांच्या ३० मुलांसारखेच हे आहे : दार उघडे असते, पण दारापर्यंत येण्याआधीच माणूस खचलेला असतो.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या चळवळीला थेट लागू होते. अत्याचारात आपला माणूस मारला जातो तेव्हा आपण मोर्चा काढतो, निवेदन देतो, आरोपींना अटक झाली की परततो. पण अॅट्रॉसिटी कायद्याच्या नियमांत, २०१६ च्या दुरुस्तीनंतर, मृताच्या विधवेला किंवा अवलंबितांना महिना ५००० रुपये मूळ पेन्शन आणि महागाई भत्ता, घरातल्या एकाला नोकरी, आणि मुलांच्या पदवीपर्यंतच्या शिक्षणाचा व पालनपोषणाचा पूर्ण खर्च अशी तरतूद आहे. मोर्च्यानंतर दोन वर्षांनी त्या मुलाची फी कोण भरतो आहे, हे आपण जाऊन विचारतो का? गटारात मेलेल्या सफाई कामगाराच्या कुटुंबाला भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला आणि २०२३ साली ती रक्कम ३० लाख रुपये केली. किती वस्त्यांत हे ठाऊक आहे?

तरुणांनो, विहाराचे दार उघडा

काही मित्र म्हणतात, हे एनजीओचे काम आहे, आपण राजकीय माणसे आहोत. त्यांना आम्ही सोलापूर आणि महाडच्या तारखा पुन्हा दाखवू. दुसरे म्हणतात, सरकारकडे हात पसरणे हा स्वाभिमान नव्हे. त्यांना १९२८ चे विधिमंडळ दाखवू. भीक आणि हक्क यांत फरक आहे, आणि तो फरक समजावून सांगण्यात बाबासाहेबांनी आयुष्य घालवले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये त्यांनी मांडले आहे की करुणा पुरेशी नाही, तिच्यापुढे जाऊन मैत्री हवी. करुणा वरून खाली बघू शकते. मैत्रीला शेजारी बसावे लागते. त्या विधवेच्या शेजारी रांगेत बसणे, ही आमच्या मते मैत्रीची व्यवहारातली व्याख्या आहे.

करायचे काय? प्रत्येक बुद्धविहारात रविवारच्या वंदनेनंतर एक तास, एक टेबल, दोन सुशिक्षित तरुण. वस्तीतल्या एकल आयांची आणि आईबाप नसलेल्या मुलांची वही. कोणाचा दाखला चुकला, कोणाचा अर्ज कुठे अडला, याची नोंद. अंगणवाडी सेविका आणि आशाताईंशी ओळख, कारण कोणत्या घरात चूल पेटली नाही हे त्यांना आधी कळते. १०९८ हा क्रमांक विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात. बाल कल्याण समितीसमोर जाताना आईबरोबर एक माणूस. दहावीनंतर वसतिगृहात जागा मिळाली नाही तर बाबासाहेबांच्या नावाच्या स्वाधार योजनेचा अर्ज. आणि अर्ज तीन महिने पडून राहिला तर माहिती अधिकार, आणि तरीही हलला नाही तर मोर्चा. मोर्चा आम्ही सोडायला सांगत नाही. त्या वहीतली नावे घेऊन मोर्चा काढा, म्हणजे साहेबाला भाषण नको, उत्तर द्यावे लागेल.

एक सावधगिरीही सांगायला हवी. ज्या घरात मुलाला मारहाण होते, लैंगिक अत्याचार होतो, तिथे कुटुंबाच्या नावाखाली गप्प बसू नका. तिथे मूल ताबडतोब सुरक्षित जागी गेलेच पाहिजे आणि पोक्सो कायद्याखाली अशा गुन्ह्याची खबर देणे बंधनकारक आहे. काशीबाईचा गुन्हेगार मोकळा सुटला होता. आपल्या वस्तीतला सुटता कामा नये, मग तो आपला नातेवाईक असो की कार्यकर्ता. पण गरिबी हा गुन्हा नाही. केवळ गरीब आहे म्हणून कोणाचे लेकरू हलवले जात असेल, तर तिथे आडवे उभे राहणे हे आपले काम आहे.

जयंतीला डीजेवर लाखभर खर्च करणारी मंडळे आपल्याकडे आहेत. आम्ही जयंतीच्या आनंदाविरुद्ध नाही. तो दिवस आपल्याला माणूस केल्याचा दिवस आहे. फक्त एवढेच म्हणतो की येत्या १४ एप्रिलच्या जमाखर्चात एक ओळ वाढवा : वस्तीतल्या किती लेकरांचे कागद यंदा पूर्ण केले. जोतीरावांनी आपले आकडे लपवले नाहीत. आपणही लपवू नयेत, कमी असले तरी.

जय जोती, जय सावित्री, जय भीम! नमो बुद्धाय!